कागदाच्या बंगल्याचा दावा

पोह चूला वाटलं होतं, कोर्ट म्हणजे उंच खुर्ची असेल, खुर्चीवर न्यायाधीश असेल आणि तो को शेठला चांगला फैलावर घेईल. निघालं भलतंच. साधी खोली, एक टेबल, आणि टेबलापलीकडे, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर, खुद्द को शेठ. वकील आणायचा नाही, हे आधीच बजावलेलं. आपली बाजू आपणच मांडायची, आणि निकालाआधी एकदा समोरासमोर बसून जमतंय का ते बघायचं. ज्याच्यावर दावा ठोकला त्याच्याशीच बोलत बसायचं, तर घरामागच्या गल्लीतलं, मेलेल्यांसाठी जाळायची कागदी घरं विकणारं त्याचं दुकान काय वाईट होतं? तिचं डोकं चालेना. तिने शेजारी बसलेल्या कियाटकडे बघितलं. मुलगा म्हणून त्याला सोबत बसायची परवानगी मिळाली होती, पण सकाळपासून त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

टेबलाच्या डोक्याशी निबंधक रोहैनी मॅडम बसल्या होत्या. डोक्याला निळा रुमाल, आवाज मऊ. त्यांच्याजवळ होक्कियन या चिनी बोलीचा एक दुभाष्या होता, तो पोह चूचं बोलणं त्यांना आणि त्यांचं हिला सांगत होता.

"आंटी, तक्रार काय आहे ते तुमच्याच शब्दांत सांगा."

"मी म्हाताऱ्यासाठी एकमजली, बैठं घर सांगितलं होतं. यानं तीन मजली पाठवलं."

"म्हणजे जास्तच दिलं की," को शेठ म्हणाला. "वर गच्ची. दारात गाडी, गाडीत ड्रायव्हर, घरात दोन नोकर. मॅडम, सिंगापुरात जिवंत माणसाला एवढं मिळत नाही."

"आणि वर जायला काय होतं?" पोह चूने विचारलं.

"जिना. नागमोडी, लाल गालिच्याचा. कागद कापता कापता बोटं दुखली माझी."

"जिना," पोह चू म्हणाली आणि मॅडमकडे बघत राहिली. आता यात आणखी समजावून सांगण्यासारखं काय उरलं, हे तिला खरंच कळत नव्हतं.

पण मॅडमना तिचा नवरा टेक हिन कुठे माहीत होता? साखरेने त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली खाल्ला आणि माणूस घरात अडकला. त्यांच्या जुन्या इमारतीतली लिफ्ट पहिल्या मजल्यावर, म्हणजे जमिनीला लागून थांबे, आणि मग थेट पाचव्यावर. टेक हिनचं घर तिसऱ्यावर. वर जायचं तर दोन जिने, खाली जायचं तरी दोनच जिने. ज्याने कोणी ती इमारत आखली त्याने टेक हिनवर डूख धरला होता, असं पोह चूचं ठाम मत होतं. खाली कॉफीच्या दुकानात त्याचे दोस्त पटावर सोंगट्या आपटत आणि तो वर गॅलरीत खुर्ची टाकून ते आवाज ऐकत बसे. कोण जिंकलं ते त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं. पोह चू दिवसातून चारदा खालीवर करी, भाजी आणी, औषधं आणी, खालच्या बातम्या आणी. "पुढचं घर तळमजल्यावर घेऊ," ती म्हणायची. पुढचं घर कुठलं ते दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून तो हसायचा. आता त्याच इमारतीला सगळ्या मजल्यांवर थांबणारी नवी लिफ्ट बसायला घेतली होती. तो गेल्यावर. त्या कामाची ठोकठोक ऐकली की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

"मावशी चिडली आहे, मला कळतं," को शेठ दुभाष्याला म्हणाला. "पण घर मिळालं, जळलं, पोचलं. वापरलेला माल मी परत कसा घेऊ?"

"माल आता कुठे आहे?" मॅडमनी विचारलं. विचारणं भागच होतं.

"त्याच्याकडे," पोह चू म्हणाली.

"कोणाकडे?"

"म्हाताऱ्याकडे."

मॅडमनी पेन खाली ठेवलं, परत उचललं. "बरं. माल आला तेव्हाच तुम्ही हरकत का घेतली नाही?"

"हात धरलेले होते ना."

हे मात्र खरं होतं. त्या दिवशी पाऊस भुरभुरत होता म्हणून घर प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणलं होतं. भटाने मंत्र म्हटले, घरच्यांनी हात धरून भोवती कडं केलं. कडं करावंच लागतं, नाहीतर भोवताली टपलेली बेवारस भुतं जळतं घर बळकावतात, आणि ज्याचं त्याला काही मिळत नाही. प्लास्टिक ओढलं, काडी लागली, आणि पोह चूने मान वर केली तर ज्वाळेत एक, दोन, तीन मजले. ती पुढे झाली असती. पण हात सोडावा तर कडं तुटतं आणि घरच जातं. न सोडावा तर तो पुन्हा जिन्यापाशी अडकतो. ती तशीच उभी राहिली, आणि डावीकडून कियाटने तिचा हात गच्च आवळला. पोराला बापाची आठवण आली, असं तिला वाटलं होतं.

"तेव्हापासून एकदाही स्वप्नात आला नाही," ती म्हणाली. "आमच्याच मजल्यावरच्या माधवीचा गेलेला नवरा दर आठवड्याला येतो. माझाच येत नाही. वर ठेवलाय त्याला, उतरणार कसा?"

को शेठने हात जोडल्यासारखं केलं. "मावशी, तिकडे गेल्यावर पाय परत येतो. सगळे धड होतात. मला तीस वर्षं झाली या धंद्यात."

पोह चू गोंधळली. असं असेल तर मग भांडण कसलं? क्षणभर तिला को शेठचे आभारच मानावेसे वाटले. मग तिला आठवलं.

"पाय परत येतो?"

"येतो."

"मग कागदी कुबड्या मला कशाला विकल्यास?"

दुभाष्याने हे मॅडमना सांगितलं आणि हसू दाबायला खाकरला. को शेठ खोकला न येताच खोकला. मॅडमनी मान खाली घातली आणि बराच वेळ काही लिहिलं.

"आंटी, तुम्हाला हवंय काय? पैसे परत?"

"पैसे मला कशाला? पैसे तर मीच जाळून पाठवते त्याला."

"मग?"

मग काय, ते पोह चूला सांगता येईना. को शेठने चूक कबूल करावी, एवढंच तिने घरून ठरवून आणलं होतं. त्यापुढचं तिने पाहिलंच नव्हतं.

मॅडम को शेठकडे वळल्या. "सांगितलं एक मजल्याचं, हे तुम्ही मानता. मग बदललं कोणी?"

को शेठने तोंड उघडलं. त्याची नजर कियाटवर गेली, तिथून छताकडे. "चूक माझी," तो एकदम म्हणाला. "लिहा तसं. माझीच चूक."

हेच ऐकायला ती आली होती, आणि ऐकून तिला काडीचं समाधान झालं नाही. इतका वेळ पाय रोवून भांडणारा माणूस असा अचानक नमतो कसा? आणि बघतो कुठे?

"मा," कियाट म्हणाला. "शेठना मी सांगितलं होतं."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "तुझ्या सासरच्यांना दाखवायला?"

"नाही. पपांनी सांगितलं. हॉस्पिटलात." तो टेबलाकडे बघून बोलत होता. "म्हणाले, म्हातारी माझ्यासाठी तळमजल्याचं घर घेईल. पण तिला तळमजल्यावर झोप लागत नाही. खिडकीतून कोणी डोकावेल म्हणून जागी राहते. तिला वारा हवा असतो. वरची एक खोली तिच्यासाठी ठेव. ती येईल तेव्हा."

"आणि तो?"

"म्हणाले, मी खाली असेन."

"मला का नाही सांगितलंस?"

"तेच म्हणाले, सांगू नकोस. भांडेल."

भांडलीच असती. पोह चूचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी तिला म्हाताऱ्याचा भयंकर राग आला. रागवायचं कोणावर, दावा कोणावर, काही समजेना.

"पण मग तीन मजले कशाला?" मॅडमनी विचारलं.

"दोन मजल्यांचा साचाच नाही माझ्याकडे," को शेठ पुटपुटला. "तिसरा मी फुकट दिला."

मग मॅडम हळूच म्हणाल्या, "आंटी, दावा मागे घ्यायचा का?"

पोह चूला ते घर दिसत होतं. खाली खुर्चीत टेक हिन, वर वाऱ्याच्या खोलीत ती, आणि मधे लाल गालिच्याचा जिना. म्हणजे पुन्हा एक जण वर आणि एक जण खाली. पुन्हा तिनेच चारदा खालीवर करायचं, आणि खालच्याने वरचे आवाज ऐकत बसायचं.

"नाही," ती म्हणाली. "याला लिफ्ट करून द्यायला सांगा."

को शेठ खुर्चीत सावरून बसला. या धंद्यात लिफ्ट त्याला कोणी मागितली नव्हती. "करतो," तो म्हणाला. "दारं उघडमीट होतील अशी करतो. आत आरसा लावतो. काही घेणार नाही."

तडजोड झाली. मॅडमनी दोघांना वाचून दाखवली: को शेठ कागदाची एक लिफ्ट बनवून देतील आणि दावा मिटेल. सही कुठे करायची ते बोट ठेवून दाखवलं. पोह चूने पेन हातात घेतलं आणि टेकवता टेकवता थांबली.

"अजून एक लिहा," ती म्हणाली. "प्रत्येक मजल्यावर थांबणारी."