तिसरं कडवं

माईकची दांडी जरा खाली ओढून बाईंनी अकॉर्डियनवाल्याला पुन्हा एकदा तीन बोटं दाखवली. त्यानं हसून मान डोलावली. दुपारपासून तो नंदीबैलासारखी अशीच मान डोलावत होता.

जुन्या गाण्यांचा कार्यक्रम होता आणि सभागृह पिकल्या केसांनी गच्च भरलं होतं. बाईंचं आयुष्यात एकच गाणं गाजलं, पण असं गाजलं की चाळीस वर्षांनीही लोक त्यात आपापलं तरुणपण शोधत येत. लिहिलं होतं बाईंच्या यजमानांनी. कडवी तीन होती; तबकडीवर मावेनात म्हणून कंपनीनं तिसरं कापलं. पहिली दोन कुणाही प्रेमिकांची. तिसरं त्यांच्या मुलीचं, जी दोन वर्षांची होऊन गेली.

‘दोन लोकांसाठी, एक आपल्यासाठी. नेमकं आपलंच कापलं,’ असं ते वर्षानुवर्षं म्हणत. पुढे म्हणायचे थांबले, लिहायचेही. आज ते पहिल्या रांगेत बसले होते आणि बाईंना ते कडवं एकदा तरी भरल्या सभागृहात त्यांच्या कानावर घालायचं होतं.

बाईंनी सुरुवात केली मात्र, अख्खं सभागृह गाऊ लागलं. दुसरं कडवं संपलं. वादक गाणं तबकडीवरूनच शिकलेले. त्यांचे हात आपसूक शेवटच्या सुरावटीवर गेले. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या गदारोळातच बाईंनी सूर लावला, ‘दाराशी इवली चप्पल अजून जोडीनं उभी...’

निवेदिका लगबगीनं आली. खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाली,

“बाई, झालं गाणं.”

मग माईकवर, “बघा, हे गाणं त्यांना अजून सोडवत नाही!”

लोक मायेनं हसले. माईक बंद झाला. बाई तरीही गात राहिल्या, चारही ओळी, यजमानांकडे बघत. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हातानं खूण केली, पुरे.

पडद्यामागे आणून यजमानांना खुर्चीत बसवल्यावर ते म्हणाले,

“अगं, शेवटी काय गायला लागलीस? हसले ना लोक.”

“तिसरं कडवं. तुमचंच.”

“माझं?” त्यांनी कपाळाला आठ्या घालून खरंच आठवून पाहिलं. “छे गं. माझं गाणं दोन कडव्यांचं. विचार कुणालाही.”

थट्टा असेल, जुना रुसवा असेल, म्हणून बाईंनी त्यांचा चेहरा निरखून पाहिला. तिथं काहीच नव्हतं. ते कडवं ठाऊक असलेलं आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. यजमान खुर्चीच्या हातावर बोटांनी तीच शेवटची सुरावट वाजवत होते.

“चल, निघू या. माझ्या चपला कुठायत?”

खुर्चीखालीच होत्या. बाई गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या आणि एकेक करून त्यांच्या पायात सरकवू लागल्या.