भाऊबंदकीत वाचलेला नेचा

मित्रांनो, निफाडकडच्या एका द्राक्षबागेत विहीर आहे. तिच्या कपारीत राहणारा मी एक जुना रुपेरी नेचा. फूल नाही, फळ नाही, बीसुद्धा नाही. धुळीच्या कणाएवढा होतो तेव्हा त्र्यंबकच्या डोंगरावरून उडालो, वाटेत दोन ढगांना शिंका आणल्या आणि पिंपळगावच्या कांद्याच्या टेम्पोवर फुकट बसून इथे उतरलो. खोटं वाटत असेल तर टेम्पोला विचारा.

आमचं कूळ लहान. ओळख एकच: पानाची पाठ चुना फासल्यासारखी पांढरी. ऊन तापलं की मी पान मुडपून ती मिरवायचो. साळूबाई मोटार सुरू करायला आली की म्हणायची, "काय चांदीचं पान हाय बाई!" मी आणखी फुगायचो.

त्याच पाठीनं घात केला. यंदा हवा ढगाळ झाली आणि साळूबाईचे यजमान पुंजानाना बागेतलं एकेक पान उलटून बघत सुटले. द्राक्षाच्या पानामागे पांढरी बुरशी दिसली की समजायचं, डावणी रोग आला. सवयीनं त्यांनी माझंही पान उलटलं आणि बोंब ठोकली, "डावणी! विहिरीतून डावणी निघाली! उपटून जाळतो याला!"

खुरपं उगारलेलं पाहून त्यांची पुतणी सायली धावली. ती नाशिकला वनस्पतिशास्त्र शिकते.

"नाना, थांबा! ती बुरशी नाही, त्याची स्वतःचीच भुकटी आहे. तिच्यावरून त्याचं कूळ ओळखतात."

"कंचं कूळ?"

सायली अडखळली. "तेच ठरत नाही. काही शास्त्रज्ञ म्हणतात, हा मोठ्या घरातलाच. काही म्हणतात, पांढऱ्या पाठीचे वेगळे काढा. पिढ्यान्‌पिढ्या भांडतायत."

खुरपं हवेतच थांबलं. "म्हंजी भाऊबंदकी हाय?"

"तसंच समजा."

"निकाल नाय लागला?"

"अजून नाही."

नाना झटकन मागे सरले. बांधाच्या वादात त्यांची निम्मी हयात कोर्टाच्या तारखांना गेली होती. "आधी सांगायचं ना पोरी! वादातल्या मालाला हात लावला तर उद्या मलाच उभं करतील. ऱ्हाऊ दे त्याला."

"भावाच्या बांधावरची बाभळ तोडताना नाय सुचलं हे!" साळूबाई म्हणाली. नाना बागेत पसार.

तेव्हा मित्रांनो, पांढरं दिसलं की खुरपं उचलू नका, आधी नावगाव विचारा. आणि मोठेपणी तुमच्यातलं कोणी शास्त्रज्ञ झालंच, तर आमच्या कुळावर भरपूर लिहा, कडाकडा भांडा. फक्त हात जोडून सांगतो, एकमत तेवढं करू नका.