चिमूटभर इकान बिलिस

चैत्रालीचं या शहराशी भांडण व्हायचं ते जेवायच्या वेळेला. एरवी सिंगापूरबद्दल तिची काही तक्रार नव्हती. पण पोटात कावळे ओरडायला लागले की डोकंच फिरायचं. हॉकर सेंटरमध्ये नूडल्सच्या स्टॉलवर विचारावं, "मीट नाही ना? फिश नाही ना?" तर आतली आंटी मोठ्या तोऱ्यात सांगणार, "नो मीट, ओन्ली व्हेजिटेबल!" आणि वाडग्यात कोळंब्या तरंगताना दाखवल्या की म्हणणार, "स्मॉल स्मॉल ओन्ली, लाह!" जशी काही लहान कोळंबी म्हणजे भाजीच. पालेभाजी मागवली तर तिच्यावर कालवांचा ऑयस्टर सॉस. टोफू मागवला तर त्यात खिमा. ऑफिसातली मंडळी तर दर लंचला विचारायची, "मग तू खातेस तरी काय? गवत?" आणि दर वेळी नवाच विनोद केल्यासारखी हसायची. मेल्यांना कंटाळाही येत नव्हता.

मरीन परेड भागातलं तिचं सासरचं घर ही एकच जागा अशी होती, जिथे न विचारता पानावर बसता यायचं.

तसं ते घर काही शाकाहारी नव्हतं. सासूबाई शैलाताई मूळच्या वेंगुर्ल्याच्या. निम्मं आयुष्य सिंगापुरात गेलं तरी मासळीवाचून त्यांचा घास उतरत नसे. नवरा सौमित्र बँकेत, आणि तोही आईच्याच वळणावर गेलेला. पण लग्नाआधी चौघांसमक्ष बोलणं झालं होतं: चैत्रालीची कढई वेगळी, डाव वेगळा, आणि कुणी कुणाच्या ताटाला नाक मुरडायचं नाही. शैलाताईंनी शब्द दिला होता. चैत्रालीनंही तिचा पाळला. फ्रिजमध्ये बांगड्यांच्या शेजारी तिचं दही सुखानं नांदत होतं.

आर्याचा जन्म झाला आणि सगळं बिनसलं.

चैत्रालीला दूध कमी येत होतं. डॉक्टर म्हणाल्या, काळजीचं कारण नाही, थोडे दिवस वरचं दूधही द्या. पण शैलाताईंना काही ते पटेना. चैत्रालीची आई नाशिकला आजारी नवऱ्याची सेवा करत अडकलेली, तेव्हा बाळंतपणाचा सगळा कारभार शैलाताईंच्या हाती. त्यांनी इथल्या पद्धतीनं कच्ची पपई घालून माशाचं सूप केलं. बाळंतिणीला दूध यावं म्हणून इथे घरोघरी देतात ते. वाफाळतं वाडगं त्यांनी पलंगाशी आणून ठेवलं.

"आई, मी नाही घेणार हे."

"औषध समजून घे."

"मेथी खाईन, अळीव खाईन, शतावरी घेईन. मासा नाही."

"पोर टाहो फोडतंय आणि तुझं सोवळं सुटत नाही? कसली आई गं तू?"

हे मात्र वर्मी लागलं. ओली बाळंतीण ती. टाके दुखतायत, झोप नाही, छातीशी पोर रडतंय, आणि वर हे ऐकायचं! ती भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडली. सौमित्र दारात उभा राहून "अगं आई, जाऊ दे ना" एवढंच पुटपुटला. भांडणात त्याचा तेवढाच हातभार असायचा.

दुसऱ्या दिवसापासून शैलाताई एकदम मऊ झाल्या. सुपाचं नाव नाही, टोमणा नाही. सकाळ-संध्याकाळ मुगाचं कढण घेऊन येऊ लागल्या. लसणीची फोडणी, वर तुपाची धार. "हे तरी चालेल ना बाईसाहेबांना?" म्हणाल्या. चैत्रालीला भरून आलं. सासू बोलते तिखट, पण मनात काही ठेवत नाही, असं तिनं आईला फोनवरही सांगितलं.

"कढणाला थोडा वेगळा वास येतोय का?" तिनं एकदा विचारलं.

"हिंग नवा आहे. आणि बाळंतिणीला कशाचाही वास येतो. पी मुकाट्यानं."

तिनं प्यायलं. हळूहळू दूध आलं, वरचं दूध बंद झालं, आर्यानं बाळसं धरलं. चैत्राली तृप्त झाली. सासूला तिनं मनापासून दुवा दिला.

बारसं कॉन्डोच्या खालच्या हॉलमध्ये झालं. पाळणा म्हणून झाला, नाव ठेवून झालं, बायका खुर्च्या ओढून गप्पांना बसल्या. सौमित्रच्या ऑफिसातली अनघा म्हणाली, "बाळ काय गुटगुटीत आहे हो! चैत्रालीच्या अळिवाच्या लाडवांची कमाल दिसतेय."

शैलाताईंना राहवलं नाही. सगळ्या बाळंतपणाचं श्रेय लाडवांना? "कसले लाडू घेऊन बसलीस!" त्या हसत म्हणाल्या. "ही माझ्या इकान बिलिसची कमाल. सुकी मासळी आणायची, भाजायची, मिक्सरमधून वस्त्रगाळ पूड करायची, आणि रोज चिमूटभर कढणात. महिनाभर प्यायली, आणि पत्ता तरी लागला का बघ हिला!"

बायका खळखळून हसल्या. एकीनं टाळीसुद्धा दिली. चैत्राली बाळाला मांडीवर घेऊन बसली होती.

"माझ्या कढणात?" तिनं विचारलं.

"अगं, चिमूटभर गं! मेलीस का? उलट पोर बघ कसं झालंय."

चैत्रालीनं सौमित्रकडे पाहिलं. तो मोबाइलमध्ये डोकं खुपसून उभा होता.

"तुला माहीत होतं?"

"बाळासाठीच केलं ना गं आईनं," तो म्हणाला. "आता सगळ्यांसमोर नको ना."

म्हणजे माहीत होतं! चैत्रालीला वाटलं, आत्ता भर हॉलमध्ये किंचाळावं. पण मांडीवर आर्या झोपली होती. ती एवढंच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "रस्त्यावरच्या परक्या बाईनं फसवलं तर मी समजू शकते. ती मला ओळखत नाही. तुम्ही मला उशाशी बसून भरवत होतात."

अनघा पेढ्यांचं ताट फिरवायला उठली.

त्या दिवसापासून चैत्रालीनं घरात कुणाच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. एका हातानं पोर सांभाळायची, दुसऱ्या हातानं स्वतःपुरता छोटा कुकर लावायची. तिखटमिठाचे डबे नवे आणले, आणि ते कपाटात ठेवून किल्ली जवळ ठेवली. शैलाताई फोनवर बहिणीला मुद्दाम मोठ्यानं सांगत, "नाकानं कांदे सोलते नुसती. केल्याचं काही आहे का? पोर जगवलं मी, आणि चोर ठरले मी!"

"पोर उपाशी नव्हतं," चैत्राली स्वयंपाकघरातून ओरडायची. "डॉक्टरनं सांगितलं होतं तुमच्यासमोर!"

असं महिनोन्‌महिने चाललं. सौमित्रचं पार भरीत झालं. शेवटी एका रविवारी तो बायकोच्या विनवण्या करू लागला. "एकदा तरी एकत्र जेवू. तूच मागव काहीतरी आईच्या आवडीचं. तेवढंच तिला बरं वाटेल."

चैत्रालीनं खूप ओढून ताणून होकार दिला. जवळच्या मलय स्टॉलवरून तिनं शैलाताईंच्या आवडीचं मटण रेंदांग मागवलं, स्वतःसाठी पिठलं-भात केला. पार्सल आलं. तिनं स्वतः डबा उघडून सासूला वाढलं. काळसर, दाट रस्सा, नारळाचा खमंग वास. शैलाताईंचा चेहरा जरा सैलावला. त्यांनी घास केला आणि हात मध्येच थांबला. त्या स्टॉलवर रेंदांग मटणाचंही मिळतं आणि बीफचंही. शैलाताईंनी सगळा समुद्र उपसून खाल्ला असेल, पण बीफ त्यांच्या घराण्यात कुणी शिवलं नव्हतं.

"मटणाचंच ना गं?"

साधा प्रश्न. एका शब्दाचं उत्तर. पण चैत्रालीच्या आत काहीतरी उसळून आलं. ती शांतपणे पिठलं कालवत राहिली.

"चैत्राली, विचारतेय मी."

"खा ना. प्रोटीन असतं. तुमचं हिमोग्लोबिन कमी आहे."

"मटणच असणार गं आई," सौमित्र घाईघाईनं म्हणाला.

"असणार म्हणजे? तू ऑर्डर बघितलीस?"

त्यानं बघितली नव्हती. शैलाताईंच्या बोटांतला घास ताटात गळून पडला. एवढी दांडगी बाई, पण डोळ्यांत भीती दाटली. "सांग ना गं," त्या म्हणाल्या. "पाया पडते हवं तर."

चैत्रालीनं या क्षणाची किती वाट पाहिली होती! आणि आला तेव्हा त्यात काही गोडी नव्हती.

"मटण आहे," ती म्हणाली. "देवाशपथ. मटणाचंच मागवलंय."

शैलाताई तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ताट हळूच बाजूला सारलं.

"आई, खरंच मटण आहे हो."

"असेल गं," शैलाताई म्हणाल्या. "पण मला कसं कळणार?"

त्या उठल्या, बेसिनपाशी जाऊन साबण लावून हात धुतले, पुन्हा धुतले, आणि स्वतःपुरते मूठभर तांदूळ धुवायला घेतले.