सत्कारात मिरवलेला पट्टा

मी पट्टा बोलतोय. कमरेचा नव्हे, चक्कीचा. बोरीत दत्तरावांच्या पिठाच्या चक्कीवर मी अकरा वर्षं फिरलो. आता मी पूर्णही उरलेलो नाही. सव्वा हाताचा एक तुकडा आहे आणि बन्सीधरच्या घरात दारामागच्या खिळ्याला लटकतो. या घरातली लेकरं माझ्याजवळून जाताना अंग चोरतात. हे मी फुशारकीने सांगत नाही, पण लपवणारही नाही. लपवालपवी या घरात आधीच भरपूर झाली आहे.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. जाड कापडाचे थर, त्यावर रबर, वरून दाब. परभणीच्या दुकानातून दत्तरावांनी मला मोटरसायकलवर गळ्यात घालून आणलं. चक्कीवर माझं काम सोपं होतं. मोटर फिरायची, मी तिची ताकद दगडापर्यंत नेऊन द्यायचो. माझी स्वतःची म्हणून ताकद कधीच नव्हती. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, जे येईल ते दळलं. बाया कोमट पीठ चिमटीत घेऊन बघायच्या, "अजून बारीक काढा, मामा," म्हणायच्या. मला तेव्हा फार बरं वाटायचं. गावाच्या भाकरीत माझा हात होता ना!

मग मी झिजलो, चिरफाळलो, आणि एका दुपारी निसटून भिंतीवर आपटलो. दत्तरावांनी नवा पट्टा चढवला आणि मला कोपऱ्यात गुंडाळून ठेवलं. गावात जुना पट्टा कुणी फेकत नाही. कुणाला फाटकाच्या बिजागरीला तुकडा लागतो, कुणाला बाजेला. मीही तसाच कुठेतरी कामी येईन, असं धरून चाललो होतो.

पण मध्ये एक सत्कार झाला.

गावातल्या सितारामचा पोरगा आदिनाथ नवोदयला लागला. पाचवीत परीक्षा द्यायची, जिल्ह्यातली हजारो पोरं बसतात, त्यातली मोजकीच लागतात. शाळेच्या मैदानात मांडव टाकून गावाने बापलेकांना शाल-श्रीफळ दिलं. कुणीतरी सितारामच्या हातात माईक देऊन विचारलं, पोराला घडवलं कसं? सिताराम मांडवभर नजर फिरवून म्हणाला, "कसं म्हंजे? चक्कीचा पट्टा! चुकलं की एक ठेवून द्यायचो. पट्ट्यानं पोरगं सरळ येतंय." मांडव हसला आणि टाळ्या पडल्या. आदिनाथ शाल सावरत बापाच्या तोंडाकडे बघतच राहिला. मी तिथे नव्हतो, पण चक्कीवर आठवडाभर दुसरा विषयच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा बाप चक्कीवर हजर. त्यांत एक मास्तर होता, एक किराणावाला. दत्तराव मोठ्या उत्साहाने मला कापायला बसले. प्रत्येक तुकड्याला एका टोकाला भोक पाडून दोरीचा फासा करून देत होते, हातातून निसटू नये म्हणून. एक रुपया घेतला नाही. लेकरं शिकतील, गावाचं नाव होईल, पुण्याचं काम आहे, असं त्यांना मनापासून वाटत होतं. भला माणूस. अशा भल्या माणसांची मला आता भीती वाटते.

बन्सीधर शेवटी आला. त्याच्या वाट्याला माझं जोडाचं टोक आलं, लोखंडी क्लिपा असलेलं.

"क्लिपा काढून देऊ का?" दत्तरावांनी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या की. वजन ऱ्हातंय."

बन्सीधर एका खत-बियाणांच्या दुकानाची पिकअप चालवतो. मालक त्याला गिऱ्हाइकांसमोर आईवरून शिव्या घालतो आणि हा मान खाली घालून पोती उतरवतो. पोलीस भरतीत तीनदा नापास झाला. त्याच्या पाठीवर त्याच्या बापाच्या चाबकाचे जुने वळ आहेत, आणि शर्ट काढला की तो ते लोकांना दाखवतो. म्हणतो, "मार खाल्ला म्हणून माणसात आलो." माणसात आलेला माणूस एवढा कावलेला का, हे त्याला कुणी विचारत नाही.

त्याची लेक राजनंदिनी तेव्हा चौथीत होती, धाकटा योगीराज अजून बालवाडीत. पहिल्या दिवशीचं गणित मला पाठ आहे. टाकीला दोन नळ, एक भरतो, एक रिकामी करतो. पोरीने दोन्ही नळांची बेरीज केली. मी तिच्या पोटरीवर उतरलो. "पुन्ना कर." तिने पुन्हा बेरीजच केली. मी पाठीवर उतरलो, मग हातावर, मग परत पाठीवर. ती भिंतीला चिकटली, तर त्याने वेणी धरून ओढून आणली. दुसऱ्या दिवसापासून ती कागदाकडे बघायचीच नाही, खिळ्याकडे बघायची. मग चुका आणखी व्हायच्या. मास्तरांनी तिच्या हातावरचे वळ पाहिले आणि वहीत डोकं घातलं. त्यांच्याही घरी माझा एक भाऊ टांगलेला होता.

तिची आई नीलम काय करायची? उठून दार लावायची आणि टीव्हीचा आवाज वाढवायची. तिचं लग्न सोळाव्या वर्षी झालं, आणि या घरात ती स्वतः कमी मार खात नाही. एकदाच तिचं तोंड उघडलं.

"तोंडावर नका मारू हो. शाळेत दिसतंय."

मला तिचा राग येतो. मग तिच्या दंडावरचे डाग दिसतात आणि तो राग कुठे ठेवावा ते कळत नाही.

शेजारची सत्यशीला मात्र एकदा दार वाजवून आत आली. "बास करा, भावजी! लेकरू मरंल."

"लेक कुणाची हाय? मी येतो का तुमच्या घरात?" बन्सीधर ओरडला.

तिचा नवरा मागून आला आणि तिला दंडाला धरून घेऊन गेला. "दुसऱ्याच्या घरात कामून पडायलीस? बाप लक्ष द्यायलाय तर देऊ दे." त्यानंतर त्या बाजूची खिडकी बंदच असते.

राजनंदिनी पाचवीत गेली. नवोदयच्या परीक्षेच्या महिनाभर आधी, एका दुपारी, ती टक्केवारीत चुकली. त्या दिवशी मालकाने बन्सीधरला दुकानात सगळ्यांदेखत कानफटवलं होतं. त्याने दोरीचा फासा मनगटात अडकवला. पाच-सहा वेळा मी पाठीवर पडलो. मग ती चुकवायला खाली वाकली आणि माझं क्लिपांचं टोक तिच्या डाव्या कानावर बसलं. मी लोखंड आणि रबर आहे, पण तो आवाज मला अजून सहन होत नाही. रक्त मानेवरून फ्रॉकमध्ये गेलं. ती रडली नाही. तोंड उघडं टाकून, डोकं एका बाजूला कलतं करून नुसती बसून राहिली. योगीराज बाजेखाली घुसला आणि तिथेच मुतला.

परभणीला डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आईबाप दोघंही म्हणाले, जिन्यावरून पडली. यांच्या घराला जिना नाही. त्या कानाने तिला आता ऐकू येत नाही.

गावात कुजबुज झाली. एका संध्याकाळी सिताराम आला. बसलासुद्धा नाही. दाराशी उभा राहून, मान खाली घालून बोलला.

"बन्सीधर, मी आदिनाथला कधी बोट लावलं न्हाई."

"आँ?"

"त्याची आई जिंतूरला ड्युटीवर. घरी भाकरी मीच थापतो. तो चुलीपाशी बसून गणितं करायचा, चुकला की आमी दोघं पुन्ना बघायचो. लोक मला बायल्या म्हणतेत रे. त्या दिवशी माईक हातात आला... भाकरी थापतो म्हणून कसं सांगू चारचौघांत? पट्टा म्हणून मोकळा झालो."

मला वाटलं, आता हा मला खिळ्यावरून काढेल आणि चुलीत घालेल. त्याने खरंच खिळ्याकडे हात नेला. पण सितारामचं खरं मानायचं तर लेकीचा कान फुकट गेला, हेही मानावं लागलं असतं. तेवढी छाती त्याच्यात नव्हती.

"खोटं बोलायलाव तुमी," तो शेवटी म्हणाला. "माझी पोरगी पुढं जायलीय म्हणून पोटात दुखायलंय. चला, निघा."

राजनंदिनीने परीक्षा दिली. उन्हाळ्यात यादी लागली. तिचं नाव होतं.

काय सांगू, मला तेव्हा ती नापास व्हायला हवी होती. कुणाचं वाईट चिंतणारा मी नव्हे, पण त्या दिवशी चिंतलं. पुन्हा मैदान, पुन्हा मांडव, पुन्हा शाल. आणि बन्सीधरने पिशवीतून मला काढून माईकसमोर उंच धरलं. मी स्वतः पाहिल्या त्या टाळ्या. पाहुण्यांनी तिला डाव्या बाजूने काहीतरी विचारलं, ती समोरच बघत राहिली. लोक म्हणाले, लाजाळू आहे पोर. सिताराम मागे खांबाला टेकून उभा होता, त्याने तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी चक्कीवर परत बाप जमले.

ती वसतिगृहाला निघाली त्या सकाळी घरात मी आणि ती दोन लेकरंच होतो. तिने स्टुलावर चढून मला खिळ्यावरून काढलं, पेटीत तळाशी ठेवलं आणि वर गणवेशाची घडी दाबली. योगीराजला म्हणाली, "ह्याला मी नेते. आता भिऊ नकोस. कुणाला सांगू नको." मीही अंधारात गप्प पडून राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा कुठेतरी जावंसं वाटत होतं.

बन्सीधरने लाडवाचा डबा ठेवायला पेटी उघडली आणि मी हाताला लागलो. त्याचे डोळे भरून आले.

"बघ गं नीलम! पट्टा आठवण म्हणून न्यायलीय. पोरीला कळलं, बापानं कामून मारलं ते."

"न्हाई पप्पा, ते..." राजनंदिनी म्हणाली.

"ऱ्हाऊ दे, बाळा. तुझं काम झालं. आता योगीला लागंल." त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला परत खिळ्याला अडकवलं. तिने दारातून योगीराजकडे पाहिलं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

वाचणाऱ्या माणसा, माझं एक काम कर. बोरीला आलास तर या घरी ये, पाणी माग, आणि उठताना मला पिशवीत घालून घेऊन जा. चोर म्हणाले तर म्हणू दे. पण लवकर ये. योगीराज आता दुसरीत आहे. आज त्याला सातचा पाढा म्हणून दाखवायचाय. पिकअप अंगणात येऊन थांबली आहे. तो बाजेवर बसून घोकतो आहे, सात सक बेचाळीसपर्यंत नीट येतो आणि पुढे अडतो.