क्लॅरीचा दुसरा झेंडा

ब्रॉडीला क्लबातून काढलं ते बरोबर की चूक, हे त्या शनिवारी माझ्या खिडकीपुढे सॉसेज रोलच्या रांगेत ठरत होतं. बिरेगलमध्ये काहीही ठरायचं ते त्या रांगेतच ठरतं. वरच्या खोलीत कमिटी बसते, ती फक्त लिहून घेते.

मैदानावरचं कँटीन माझ्याकडे आहे. आधी सासूकडे होतं, मग माझ्याकडे आलं, आणि मी उभी आहे तोवर त्या चहाच्या बंबाला दुसरं कोणी हात लावणार नाही. शाळा मी लहानपणीच सोडली, घरच्या गाईंना शाळेचं वेळापत्रक ठाऊक नव्हतं. पण खिडकीशी आलेला माणूस काय मागायला आलाय, हे त्याने तोंड उघडायच्या आत मला कळतं. त्या दिवशी रस्टी लारवूड सॉस मागायला आला नव्हता.

आधी झालं ते सांगते. ब्रॉडी गेटनबी माझा नातू. त्याचा बाप पश्चिमेला खाणीत गेला तो तिकडचाच झाला, नाताळला एक कार्ड येतं. पोराला मी वाढवला. बिरेगलसाठी सगळ्यात जास्त गोल मारतो तोच. आदल्या शनिवारी सामना जिंकल्यावर पोरं क्लबात बसली. ब्रॉडी भरपूर प्याला आणि पिकअप घेऊन निघाला. धान्याच्या कोठारांपाशी चौक आहे, तिथे थांबायचं असतं. तो थांबला नाही. आडव्या रस्त्याने क्लॅरी टकवेल घरी चालला होता. त्याची गाडी चरात गेली आणि डावा हात मोडला. ब्रॉडीला साधं खरचटलंही नाही. पोलिसांनी परवाना काढून घेतला, कोर्टाची तारीख पडली, आणि सोमवारी कमिटीने त्याचं नाव क्लबातून काढलं. अध्यक्ष ग्रेम प्रुएट टोपी हातात धरून माझ्या दारात सांगायला आला. मी त्याला आत बोलावलं नाही, पण दारही लावलं नाही.

क्लबाच्या भिंतीवरच्या फळ्यांवर गेटनबी हे नाव इतक्यांदा आहे की रंगाऱ्याला ते पाठ असेल. ते खोडायची पाळी मात्र पहिल्यांदाच आली.

शनिवारी मल्कडीविरुद्ध सेमीफायनल होती. जिंकलो तर फायनल. आणि आमचा गोल मारणारा घरी. मग रांगेत काय बोललं जाणार ते उघडच होतं. रस्टी ट्रॅक्टर विकतो, त्यामुळे गिऱ्हाईक नको म्हणत असताना बोलत राहायची त्याला सवय आहे. त्याचं म्हणणं असं की प्याले सगळेच होते, नशीब एकट्याचं फिरलं. बिअर क्लबानेच विकली आणि क्लबच आता साधूचा आव आणतोय. कोर्ट काय ती शिक्षा देईलच, मग वर आणखी कमिटीची कशाला? लोक माना डोलवत होते. माझ्याजवळ कांदे चिरत उभी असलेली नोलीन स्ट्रॅकन वर न बघता म्हणाली, “क्लॅरीची बायको त्या दिवशी गाडीत नव्हती, ते नशीबही धरलंस का रे हिशेबात?” त्यावर डोलणाऱ्या माना थांबल्या. मग कोणीतरी म्हणालं, नव्हती ना पण, आणि पुन्हा सुरू.

सगळे बोलता बोलता माझ्याकडे बघत होते. मी रोल देत होते.

रस्टी खिडकीत वाकला. सामन्यानंतर यावरच सभासदांची बैठक बोलावली होती. “डल्सी, तू नुसती उभी राहून दोन शब्द बोल. कमिटीची तुझ्यापुढे टाप नाही. फायनलला पोरगा मैदानात असेल.”

“आधी आज तर जिंका,” मी म्हटलं, “आणि कोपर काढ, काउंटर आत्ताच पुसलाय.”

खरं सांगायचं तर फायनलची मला फार पडली नव्हती. ब्रॉडीने आदल्या रात्री जेवताना सांगितलं होतं, क्लबाने परत घेतलं नाही तर सोमवारच्या बसने पश्चिमेला बापाकडे जाणार. या गावात कोणाला तोंड दाखवू, म्हणाला. एक मुलगा त्या बसने गेलेला मी पाहिलाय. मान वर करून म्हणा की खाली घालून म्हणा, पण पोरगा इथे राहायला हवा होता. मला एवढंच हवं होतं.

तेवढ्यात क्लॅरी आला. पांढरा कोट, पांढरी हॅट, कोटाची डावी बाही रिकामी आणि आत गळ्यात अडकवलेला प्लास्टरमधला हात. क्लॅरी आमचा गोल अंपायर, कँटीनकडच्या टोकाचे खांब त्याचे. दुसऱ्या कोणाला उभं करतो असं ग्रेम म्हणाला, तर क्लॅरीने विचारलं, डोळे मोडलेत का माझे? मी त्याला चहा दिला. ब्रॉडीबद्दल तो एक अक्षर बोलला नाही, मीही नाही. बिस्किटं मात्र दोन घेतली.

डोळे ठीक होते त्याचे. अडचण झेंड्यांची होती. आमच्या फुटबॉलात टोकाला चार खांब असतात; मधल्या दोन खांबांमधून चेंडू गेला की गोल, सहा गुण, आणि गोल अंपायर दोन्ही हातांनी दोन झेंडे हलवतो. चेंडू खांबाला लागला किंवा बाजूच्या खांबाच्या आतून गेला तर एकच गुण, एकच झेंडा. लांब पलीकडच्या टोकाला नोलीनचा नवरा गुणफलकावर बसतो, तो झेंडे मोजून आकडे लावतो. कुंपणाला गाड्या लावून बसलेले लोकही झेंड्यांकडेच डोळे लावून असतात, कारण गोल झाला की सगळ्यांनी हॉर्न वाजवायचे, पण झेंडे हलल्यावरच. आधी वाजवणाऱ्याला वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

दर पाव सामन्याला टोकं बदलतात; पहिल्या पावात क्लॅरीच्या टोकाला गोलच झाला नाही, आणि दुसऱ्यात तिथे आमचा पहिला गोल झाला तो अगदी मधोमध. क्लॅरीने बरा हात पुढे करून बोट दाखवलं, मग वाकून झेंडा उचलला आणि हलवला. एक. पलीकडे नोलीनच्या नवऱ्याने इमानदारीत एक गुण लावला. एकही हॉर्न वाजला नाही. आमची पोरं मिठ्या मारून उभी. पंच धावत गेला, पलीकडे हातवारे झाले, आकडा बदलला, मग चुकार दोनतीन हॉर्न वाजले, लग्न लागून गेल्यावर आलेल्या पाहुण्यांसारखे. पुढच्या गोलाला क्लॅरीने एक झेंडा हलवला, खाली ठेवला, दुसरा उचलला, तो हलवला. तेवढा वेळ चेंडू मैदानाच्या मध्यावर थांबून राहिला. मल्कडीच्या गाड्यांमधून कोणीतरी ओरडलं, आजोबा, उरलेला उद्या हलवा. लोक हसले. आमचेही हसले, ते मी बघून ठेवलं. क्लॅरीने हॅट डोळ्यांवर ओढून घेतली.

अर्धा सामना संपला तशी मी एप्रन काढला. नोलीनला म्हटलं, बंब बघ. ती माझ्याकडे अशी बघत राहिली जणू मी तिच्या नावावर शेत करून दिलं.

ब्रॉडी कुठे असेल ते मला माहीत होतं. क्लॅरीच्या खांबांमागे, कुंपणाच्या बाहेर, निलगिरीच्या झाडाला टेकून उभा होता. घरापासून चालत आला होता. मला बघून सरळ झाला.

“रस्टी सांगत होता, तू बैठकीत बोलणारेस,” तो म्हणाला.

“बोलणार ना. कमिटीने केलं ते बरोबर केलं, असं बोलणार.”

तो झाडाची साल सोलत राहिला.

“मग सोमवारी जातो मी, नॅन.”

“जा की. मी काय पाय बांधणारे तुझे? पण आज शनिवार आहे. आणि त्या माणसाला एक हात कमी पडतोय, तो तू कमी केलायस.”

“तो मला जवळसुद्धा उभा करणार नाही.”

“विचारलंस त्याला?”

विचारलं नव्हतं. आठवडाभरात क्लॅरीच्या फाटकापर्यंत जाऊन परत आला होता, तेही आत्ता कुठे कळलं. माझ्या हाताखाली वाढलेला पोरगा फाटकावरून परत येतो, याचा मला त्या अपघाताहून जास्त राग आला. मी म्हटलं, “इथे फाटक नाहीये. कुंपण आहे, कंबरेएवढं. ओलांडता येत नसेल तर मी खालून ढकलते.”

तो ओलांडून गेला. क्लॅरी खांबाला टेकून पाणी पीत होता. ब्रॉडी त्याच्यापुढे उभा राहून काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, आणि ते माझ्यासाठी नव्हतंही. बराच वेळ बोलत होता. क्लॅरी त्याच्या बुटांकडे बघत होता. मग त्याने बाटलीचं झाकण लावायला ब्रॉडीच्या हातात दिलं आणि म्हणाला, तेवढं मोठ्याने म्हणाला:

“माझ्या डाव्या बाजूला उभं राहायचं. मी ‘गोल’ म्हटलं तर हलवायचा, नाही तर नाही. गोल कोणाचा ते बघायचं काम तुझं नाही.”

मल्कडीचा मॅनेजर कुरकुरत आला. दोन माणसं कशी चालतील, आणि हा तर काढलेला खेळाडू. क्लॅरीने त्याला सांगितलं, माणूस एकच आहे, फक्त त्याचा एक हात दुसऱ्याच्या अंगावर लावलाय. पंचाला सामना उरकून दूध काढायला घरी जायचं होतं. त्याने मान हलवली आणि चेंडू उचलला.

मी खिडकीशी परतले. नोलीनने रोल करपवले होते.

ब्रॉडीने पहिल्यांदा झेंडा हलवला तो मल्कडीच्या गोलाला. टोकं बदलली होती, आता ते क्लॅरीच्या खांबांवर मारत होते. दोघांचे झेंडे एकदम वर, एकदम खाली. पलीकडच्या गाड्यांनी हॉर्नचा कल्ला केला. आमच्या गाड्यांमधून ब्रॉडीला काय काय ऐकवलं गेलं ते मी इथे लिहीत नाही, यातले निम्मे लोक माझ्याकडे उधारीवर चहा पितात. रस्टी खिडकीशी येऊन म्हणाला, बघ, पोराची काय शोभा करतेयस. मी म्हटलं, शोभा त्याने चौकात केली, आता तो काम करतोय. शेवटच्या पाव सामन्यात टोकं पुन्हा फिरली, आमचे गोल झाले, झेंडे तसेच हलले, हॉर्न वेळेवर वाजले. रांगेतला आवाज थोडा उतरला. कोणीतरी म्हणालं, हलवतो बरा. नोलीन म्हणाली, झेंडा आहे तो, व्हायोलिन नाही.

शेवटी आम्ही चार गुणांनी मागे होतो. आमचे गडी क्लॅरीच्याच खांबांवर मारत होते. वेळ संपत आलेली. रांग उरली नव्हती, सगळे कुंपणाशी. मीही खिडकीतून अर्धी बाहेर. प्रुएटच्या धाकट्याने कोनातून लांब मारला. चेंडू वळत वळत आला आणि डाव्या खांबाशी, अगदी ब्रॉडीच्या डोक्यावरून, आत गेला.

सगळं बिरेगल गोल म्हणून ओरडलं. खांबाला लागला की नाही, ते माझ्या जागेवरून दिसत नव्हतं. कोणाच्याच जागेवरून दिसत नव्हतं. खांबाखाली दोनच माणसं होती. क्लॅरी वर बघत होता, ब्रॉडी वर बघत होता. ब्रॉडीच्या हातात झेंडा होता, आणि पलीकडे गुणफलकावर नोलीनचा नवरा झेंडे मोजायला तयार बसला होता. माझा मागे राहिलेला हात बंबाला टेकला होता आणि भाजतोय हे मला नंतर कळलं.

क्लॅरीने बऱ्या हाताने खांबावर थाप मारली, म्हणजे लागला. मग वाकून झेंडा उचलला आणि हलवला. एक.

ब्रॉडीचा हात खालीच राहिला. आमच्या गाड्यांमधून त्याच्या नावाने हाका चालल्या होत्या, हलव, हलव म्हणून. रस्टीने तर हॉर्नवर तळवा दाबूनच धरला, झेंड्याआधी, जे या मैदानावर कोणी करत नाही. पोरगा झेंडा पायाशी टेकवून उभा राहिला, क्लॅरीच्या डाव्या बाजूला, सांगितलं होतं तिथे. मग सामना संपल्याचा भोंगा झाला. आम्ही तीन गुणांनी हरलो.

बैठक झालीच नाही. फायनल नाही म्हटल्यावर ब्रॉडीचं काय करायचं यात कोणाला रस उरला नाही. दोन शब्द मी मनात जुळवून ठेवले होते, ते तसेच राहिले. ग्रेम कपबशी परत द्यायला आला तेव्हा नाव परत घेण्याबद्दल काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. काढलेलं आहे ते काढलेलंच राहू दे. रस्टी पैसे टाकून गेला. चेंडू खांबाला लागला होता की नव्हता, यावर तो आजही माझ्या खिडकीशी वाद घालतो. ब्रॉडीला विचारलं की ब्रॉडी म्हणतो, क्लॅरीला विचारा.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं चालत घरी निघालो. ब्रॉडीच्या काखेत गुंडाळी होती. चिखलाने माखलेले दोन्ही झेंडे.

“क्लॅरी म्हणाला, त्याला एका हाताने धुता येत नाहीत,” तो म्हणाला. “मंगळवारी नेऊन दे म्हणाला. आणि त्याच्या गाईंचंही काहीतरी बोलत होता.” थोडं चालल्यावर म्हणाला, “नॅन, कशात भिजवतात हे?”

“कोमट पाण्यात. आणि माझ्या घमेल्यात नाही.”

झेंड्यांचं कापड जाड असतं आणि आमच्याकडे सप्टेंबरात थंडी नुकती सरलेली, ऊन कोवळं. सोमवारी बस कोठारांपाशी थांबून गेली तेव्हा दोन्ही झेंडे अंगणातल्या दोरीवर ओलेच होते, आणि ब्रॉडी त्यांचे चिमटे सरळ करत उभा होता.