आपोआप हिरवा होणारा दिवा

बुलढाण्यातल्या आमच्या रक्त तपासणीच्या लॅबमध्ये त्या दिवशी रक्त द्यायला आलेल्यांपेक्षा बघायला आलेले जास्त होते. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर हिरवा दिवा. पुण्याच्या कंपनीकडून आलेले गंधारसर सांगत होते, की आता तुमची यंत्रणा 'सेल्फ-हीलिंग' झाली, बंद पडली तरी स्वतःच बरी होते. मग डेव्हऑप्स, एआयऑप्स असं पुष्कळ आलं. आरती पाठ नसलेला माणूस शेवटचा शब्द तेवढा जोरात म्हणतो, तसे आमचे मालक शालिग्रामसाहेब 'ऑप्स, ऑप्स' म्हणत होते.

सरांनी सगळ्यांदेखत रिपोर्ट पाठवणारा प्रोग्राम बंद केला. दिवा लाल झाला. चाळीस सेकंदांत पुन्हा हिरवा. टाळ्या पडल्या, एकाने तर हात जोडले.

साहेबांनी तिथेच जाहीर केलं, की आता कॉम्प्युटरपाशी माणूस नको. तो माणूस म्हणजे अख्तरी. आठ वर्षं आतल्या खोलीत बसते.

मी रक्त घ्यायचं सोडून आत गेले. ती कीबोर्डवरून हात काढत होती.

"काय केलं वं?"

"काही नाही ताई. घंटी वाजली, बंद पडलं होतं, चालू केलं. रोजचंच हाय. टाळ्या काऊन वाजून राह्यल्या?"

तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं. मी तिला बाहेर आणून शेजारी बसवलं, हातात चहा दिला आणि सरांना म्हटलं, पुन्हा एकदा दाखवा. दिवा लाल झाला. एक मिनिट, चार मिनिटं. आत घंटी वाजतच होती. अख्तरी दोनदा उठायला गेली, मी तिची ओढणी धरून ठेवली.

"साहेब, बरं करणारी ही इथं बसली आहे," मी म्हणाले.

गंधारसर डगमगले नाहीत. म्हणाले, संस्थेची मॅच्युरिटी कमी पडते, कल्चर बदलावं लागेल. साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "प्रेमलाताई, करार झाला. फोटोही गेले सगळीकडे. आता काय करू मी?"

शनिवारी अख्तरी आपला डबा आणि खुर्चीवरची उशी घेऊन गेली.

आता घंटी वाजली की मी आत पळते आणि तिला फोन लावते. न पळून कसं चालेल? परवा डोणगावच्या एका बाळंतिणीचा रिपोर्ट अडकला होता. भाजी चिरता चिरता अख्तरी सांगते, मी बटणं दाबते. बाहेर दिवा हिरवा होतो आणि साहेब पाहुण्यांना म्हणतात, "पाह्यलं? आपोआप."

मी भांडून पाहिलं, लेखी दिलं, काही झालं नाही. म्हणून तुम्हाला सांगते. शब्द कितीही नवा असो, काही आपोआप झालं असं कोणी म्हटलं, तर टाळी वाजवण्याआधी आतल्या खोलीत डोकावून या. आमच्याकडे खात्री करायची असेल, तर मी रजेवर असेन त्या दिवशी या.