आजचा उपाशी

शुक्रवारी सकाळी सव्वासात वाजता सावकाशने चंदीला तोंड लावलं नाही.

सावकाश हा घोडा, दुसऱ्या दिवशीच्या सातव्या शर्यतीतला फेव्हरिट. नाव मालकाने गंमत म्हणून ठेवलं होतं, आणि पळालेल्या प्रत्येक शर्यतीत पहिला येऊन घोड्याने ती गंमत रंगवली होती. सकाळची दौड झाली की भरडलेल्या ओटची बादली येण्याआधीच तो दारावर खूर आपटायचा. त्या दिवशी बादली आली, त्याने ती हुंगली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

हे दुर्बीणरावांनी पाहिलं. पेपरात 'दुर्बिणीतून' नावाचं शर्यतींचं सदर ते वर्षानुवर्षं लिहीत होते. त्यावरून सगळा रेसकोर्स, आणि रागावली की बायकोसुद्धा, त्यांना दुर्बीणराव म्हणायची. घोड्याच्या अर्ध्या दारावर कोपर टेकून उभं राहायला त्यांना कोणाची परवानगी लागत नव्हती, कारण तबेला मेहुण्याचा होता. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, सावकाशचा ट्रेनर.

"कालपासून?" दुर्बीणरावांनी विचारलं.

"काय कालपासून?" मेहुण्याने बादली उचलून पायाआड ठेवली.

"डोळे शाबूत आहेत माझे अजून."

"ऊन वाढतंय, भावोजी. माणसांचीसुद्धा भूक मरते."

"तुझी कुठे मेली? परवा आमच्याकडे पातेलं पुसून गेलास."

मेहुणा हसला नाही. एरवी अशा बोलण्यावर तो दुपटीने परत करायचा.

"ताप बघितलास?"

"बघितला."

"किती?"

मेहुण्याने दाराची कडी लावली, काढली, पुन्हा लावली.

"डॉक्टरला बोलाव."

"रेसकोर्सचा डॉक्टर आला की नोंद होते. नोंद झाली की उद्याचं नाव कापलं. उद्या पळाला नाही तर मोठ्या शर्यतीत उभा करत नाहीत, हे काय मी तुम्हाला सांगायचं? आणि मालकाने बजावून ठेवलंय, हा मोठ्या शर्यतीत दिसला नाही तर त्याचे सगळे घोडे दुसऱ्या तबेल्यात. मग इथे कोण उरणार? ती लंगडी घोडी आणि मी."

"आणि उद्या धावताना कोसळला तर?"

"नाही कोसळत. तुम्ही फक्त नाव वर ठेवा. तुमचं सदर वाचल्याशिवाय मालक दात घासत नाही. खाली ठेवलंत तर लगेच विचारेल, घरच्या माणसाने घरचा घोडा का सोडला म्हणून."

दुर्बीणराव घरी आले ते हेच डोक्यात घेऊन. त्यांच्या कामाची खोली म्हणजे बेडरूमच्या खिडकीशी रेटलेलं टेबल. एका बाजूला कपाट, दुसऱ्या बाजूला पलंग. खुर्ची मागे सरकवली की पलंगाला लागायची. कपाटातलं काही हवं असलं की बायको म्हणायची, "पोट आत घ्या."

शनिवार हा वसंतातल्या पूर्व-शर्यतींचा दिवस. मोठ्या शर्यतीआधी प्रत्येक तबेला आपला घोडा एकदा गर्दीत पळवून बघतो. सदरात ते याला रंगीत तालीम म्हणायचे. अशा दिवसाचं भाकीत किचकट, कारण सगळेच काही जिंकायला उतरत नाहीत. कोणाला दम आजमावायचा असतो, कोणाला पुढच्याच्या खुरांची माती तोंडावर घ्यायची सवय लावायची असते, कोणी नवा जॉकी बसवून बघतो. दुर्बीणराव प्रत्येक घोड्याच्या जुन्या शर्यती बघायचे, आणि त्याही शेवटाकडून उलट्या. आधी शेवटचे दोन फर्लांग, मग वळण, मग सुटतानाची जागा. जिंकला की हरला हे सगळ्यात शेवटी. हरलेला घोडा वळणावर कोंडला होता की दमला होता, हे त्यांना निकालापेक्षा मोलाचं वाटायचं.

दुपारपर्यंत सहा शर्यती हातावेगळ्या झाल्या. तिसरीत त्यांनी कोणाच्या खिजगणतीत नसलेली एक घोडी वर काढली. मागच्या वेळी ती बाहेरच्या कडेने सगळ्यांपेक्षा लांबचं अंतर पळाली होती. सातवीत मात्र पेन्सिल अडली. कागदावर सावकाशला तोड नव्हती. सुटायचं गेट चौथं, अंतर आवडीचं, शेवटच्या दोन फर्लांगांत त्याच्या जवळपासही कोणी नाही. सकाळी तबेल्यात गेले नसते तर त्यांनी डोळे मिटून त्याला पहिला टाकला असता.

फोन वाजला. सावकाशच्या नेहमीच्या जॉकीचं मनगट दुखावलं होतं, म्हणून घोड्यावर या वेळी एक बाई जॉकी बसणार होती. फोन तिचाच होता. तिच्या पहिल्या शर्यतीवर दुर्बीणरावांनी चार चांगल्या ओळी लिहिल्या होत्या, तेव्हापासून ती त्यांना काका म्हणायची.

"काका, उद्या सावकाश माझ्याकडे आहे. तोंडाला कसा आहे हो?"

"मऊ. लगाम खेचावा लागत नाही."

"आणि शेवटी? चाबूक?"

"आजवर लागला नाही."

"अजून काही?"

कपाटाशी बायको घड्या घातलेले कपडे ठेवत होती. तिचा हात थांबला होता.

"जपून जा," दुर्बीणराव म्हणाले.

"अहो काका, आई झालात की माझी!" ती हसली आणि फोन बंद झाला.

"बाळचा घोडा ना तो?" बायकोने विचारलं. चाळिशी उलटली तरी धाकटा भाऊ तिला बाळच होता. "मघाशी फोन आला होता त्याचा. बोलला काहीच नाही, नुसता धरून बसला होता. काय झालंय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणता तेव्हा तुमचे कान लाल होतात."

दुर्बीणरावांनी कानाला हात लावला, तशी ती आणखी काही न विचारता बाहेर गेली. विचारलं असतं तर बरं, असं त्यांना वाटून गेलं. घोड्याचं नाव वर टाकायचं तर त्या पोरीला आजारी जनावरावर बसवायला हातभार लावायचा. खाली टाकायचं तर मेहुण्याचा तबेला आपल्या हाताने रिकामा करायचा. काहीच लिहू नये, तर तेही लिहिल्यासारखंच. त्यांच्या गप्प बसण्याचासुद्धा लोक अर्थ लावायचे.

मग त्यांना सुचलं, आणि सुचल्यावर ते स्वतःवर खूश झाले.

सदराच्या शेवटी एक चौकट असायची: 'आजचा उपाशी'. दिवसभरातला विजयाला सगळ्यात भुकेलेला घोडा, म्हणजे दुर्बीणरावांचा हुकमाचा एक्का, तिथे यायचा. सकाळी चहाच्या टपरीवर लोक आधी तेवढंच वाचायचे. "आज उपाशी कोण?" असं एकमेकांना विचारायचे.

सातव्या शर्यतीत त्यांनी तिसरी घंटा ही घोडी पहिली टाकली, धूळफेक दुसरा, एक नवखा घोडा तिसरा. आणि चौकटीत लिहिलं: आजचा उपाशी, सावकाश. मालक चौकट बघून खूश होईल. ज्याला घोड्यातलं कळतं तो वर नाव नाही आणि खाली उपाशी, हे बघून थबकेल. मुख्य म्हणजे एकही अक्षर खोटं नव्हतं. त्यांनी मजकूर पाठवला आणि चहा मागितला.

चहा येण्याआधी उपसंपादकाचा फोन आला.

"दुर्बीणराव, घोळ झालाय. सातवीत सावकाश तिघांत नाही, आणि उपाशी मात्र तोच?"

"असू दे तसंच."

"तसंच कसं? उद्या लोक आपल्याला वेड्यात काढतील. नजरचुकीने सुटला असणार. मी त्याला पहिला टाकतो, बाकीच्यांना एकेक घर खाली सरकवतो. ठीक?"

दारात बायको कप घेऊन उभी होती. खुर्ची मागे घ्यायला जागा नव्हती. दुर्बीणराव म्हणाले, "हं."

तो विचारात पडलेल्या माणसाचा हं होता. उपसंपादकाने तो होकार धरला आणि फोन ठेवला. दुर्बीणरावांनी नंबर पुन्हा लावायला घेतला.

"पहिला टाकलात?" फोनमधलं ऐकून बायको म्हणाली. तिने कप टेबलावर ठेवला, आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाळला कळवते मी. पुन्हा फोन आला होता त्याचा. दुपारपासून जेवला नाहीये तो."

घोडाही नाही, दुर्बीणरावांच्या मनात आलं. बाहेरच्या खोलीतून तिचा आवाज येऊ लागला. त्यांनी फोन टेबलावर उलटा ठेवला.

शनिवारी सातव्या शर्यतीचे घोडे पॅडॉकमध्ये, म्हणजे कठड्याच्या आतल्या गोल हिरवळीवर, फिरत होते. मालक घडी घातलेला पेपर उंचावत आला. "आमच्या मनातलं लिहिलंत बघा! मी म्हटलं, मेहुण्याचा मेहुणा आहे, पोटातलं ओठांवर आणणारच!" दुर्बीणराव हसले. हसल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मेहुणा खोगीर कसत होता. पट्टा रोजच्या भोकाला थांबला नाही. दोन भोकं आत गेला. मेहुण्याने वर पाहिलं, दुर्बीणराव बघतायत हे त्याला दिसलं, आणि त्याने खोगिराखालचं कापड ओढून बकल झाकलं.

जॉकी टोपीचा बंद बांधत आली. "काका, वाचलं! मी त्याला मागे दाबून ठेवणार होते. पण तुम्हीच उपाशी म्हणता, तर कशाला? सुटल्यापासून पुढेच काढते."

"ऐक. तो खरंच उपाशी आहे."

"हो ना!"

"अगं, खरंच म्हणजे... पोटात काही नाही त्याच्या."

"माझ्या तरी कुठे आहे, काका? वजन कमी भरायला हवं होतं ना!" ती हसली. मेहुण्याने तिचा पाय हातात घेऊन तिला वर चढवलं, आणि घोडा चालू लागला. त्याच्या मांड्यांच्या आतल्या बाजूने घामाचा पांढरा फेस उतरत होता.

दुर्बीणराव जिना चढून पत्रकारांच्या खोलीत आले. भिंतीवरच्या फोनवरून त्यांनी डॉक्टरांची खोली लावली. कारकुनाने उचलला.

"सातवीतला चार नंबर. परवा रात्रीपासून चंदी खाल्लेली नाही. पट्टा दोन भोकं आत गेलाय. डॉक्टरांना सांगा, आत्ता."

"कोण बोलतंय?"

त्यांनी नाव सांगितलं.

"चेष्टा करता काय, साहेब? सकाळी तुम्हीच तर छापलंत..."

"सकाळचं राहू द्या," दुर्बीणराव म्हणाले. "मी ट्रेनरच्या बहिणीचा नवरा बोलतोय."

पलीकडे कोणीतरी खुर्ची सरकवली. फोन टेबलावर आदळल्याचा आवाज आला. बंद कोणी केला नाही. दुर्बीणराव तो कानाला धरूनच खिडकीशी आले, दोर पुरला तिथवर. त्यांच्या खिशात मोबाइल वाजत होता. पडद्यावर 'घर' अशी अक्षरं होती.

समोर लांबवर घोडे गेटमध्ये शिरत होते. सावकाश आढेवेढे न घेता आत गेला आणि मागची फळी लागली. खालच्या मजल्यावरून डॉक्टर बाहेर पडले आणि गवतावरून गेटच्या दिशेने झपाझप निघाले. कठड्यापाशी मेहुणा उभा होता. त्याने डॉक्टरांना जाताना पाहिलं, मग मान वळवून पत्रकारांच्या खिडकीकडे पाहिलं.

गेटमध्ये अजून दोन घोडे शिरायचे होते. मग एक राहिला. डॉक्टर अर्ध्या वाटेवर होते. ते कोणत्या घोड्यासाठी निघालेत, हे ध्वनिक्षेपकावरून सांगितलं गेलं नव्हतं.

चार वाजून पन्नास मिनिटांनी, शर्यत सुटायच्या ठरल्या वेळी, गेट अजून उघडलेलं नव्हतं.